'सर्व्हर डाऊन आहे' म्हणजे नेमकं काय? धानाच्या नोंदणीपासून यूपीआयपर्यंत सेवा कोलमडतात कशा आणि तग धरतात कशा

गोंदिया जिल्ह्यात खरीप म्हणजे धान. हमीभावाने धान विकायचं असेल तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन शेतकरी केंद्रावर जातो, ऑपरेटर सगळी माहिती भरतो, बटण दाबतो आणि स्क्रीनवर एक चकती गोल गोल फिरत राहते. थोड्या वेळाने ते वाक्य ऐकू येतं, "सर्व्हर डाऊन आहे जी, उद्या या."

हे 'उद्या या' सालेकसा किंवा देवरी तालुक्यातल्या आतल्या गावाहून आलेल्या माणसाला चांगलंच महागात पडतं. एक दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचं भाडं जातं आणि मुदतही एक दिवसाने कमी होते. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. २०२४-२५ च्या खरिपासाठी राज्य सरकारने हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असा प्रोत्साहनपर बोनस जाहीर केला होता. तो मिळवायचा तर नोंदणी झालेली असणं गरजेचं होतं. म्हणजे दोन हेक्टरच्या शेतकऱ्यासाठी त्या फिरणाऱ्या चकतीची किंमत ४० हजार रुपयांपर्यंत जाऊ शकते.

रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन, सेतू केंद्रातला दाखला, परीक्षेचा फॉर्म, यूपीआय, सगळीकडे हेच वाक्य ऐकू येतं. ते इतकं सवयीचं झालंय की पाऊस पडला तसा सर्व्हर पडला, असंच आपण धरून चालतो. पण पावसावर कुणाचा ताबा नसतो, सर्व्हरचं तसं नाही. सेवा किती सहज कोलमडेल आणि कोलमडली तर किती लोकांना सोबत घेऊन पडेल, हे ती बांधतानाच बऱ्याच अंशी ठरलेलं असतं.

'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे गर्दी, दुसरी बिघाड आणि तिसरी हल्ला. केंद्रावर बसलेल्या ऑपरेटरला तिन्ही सारख्याच दिसतात, कारण तिन्हींत चकतीच फिरते. त्यांवरचे उपाय मात्र वेगळे आहेत.

शेवटच्या तारखेची गर्दी

सगळ्यात जास्त वेळा दोष गर्दीचा असतो. समजा, एखादं पोर्टल मिनिटाला हजार नोंदण्या आरामात घेऊ शकतं. महिनाभर त्याला मिनिटाला पन्नाससुद्धा येत नाहीत. मग मुदतीचे शेवटचे दोन दिवस उजाडतात आणि मिनिटाला दीड हजार लोक येतात. वरकरणी वाटेल की हजार लोकांचं काम होईल आणि पाचशे ताटकळतील. प्रत्यक्षात अनेकदा कुणाचंच काम होत नाही.

कारण ताटकळलेले पाचशे जण गप्प बसत नाहीत. ते पेज रिफ्रेश करतात. पुढच्या मिनिटाला नवे दीड हजार आणि हे जुने पाचशे, त्यात काहींनी तीन-तीनदा बटण दाबलेलं. सर्व्हर अर्धवट राहिलेली कामं सांभाळण्यातच दमतो. ज्याने वाट बघायचं सोडून दिलंय त्याचंही काम तो करत बसतो, आणि ते पूर्ण होतं तेव्हा उत्तर घ्यायला पलीकडे कुणी नसतं. तंत्रज्ञ याला 'रिट्राय स्टॉर्म' म्हणतात, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांचं वादळ.

असं वादळ अख्ख्या देशाने अनुभवलंय. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास अडखळलं. त्याआधी २६ मार्चलाही तसंच झालं होतं. एप्रिलच्या घटनेनंतर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने शोध घेतला, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. अडकलेल्या व्यवहाराचं काय झालं, हे विचारणाऱ्या विनंत्यांचा बँकांच्या बाजूने पूर आला होता. 'पैसे गेले का? गेले का? आता तरी गेले का?' एका व्यवहारासाठी हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता, आणि त्या प्रश्नांच्याच ओझ्याखाली नवे व्यवहार अडकत होते. नवे अडकले की त्यांच्यासाठी आणखी प्रश्न. बाहेरून कुणी हल्ला केला नव्हता, यंत्रणेने स्वतःच स्वतःचा गळा धरला होता.

त्यानंतर एनपीसीआयने जे केलं ते शिकण्यासारखं आहे. नुसते जास्त सर्व्हर लावून भागलं नसतं. १ ऑगस्ट २०२५ पासून विचारण्यावरच मर्यादा आली. अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारायची, आणि दोन विचारणांमध्ये किमान ९० सेकंद जाऊ द्यायचे. एका ॲपवरून खात्यातली शिल्लक दिवसातून ५० वेळाच बघता येईल. दर महिन्याला आपोआप कापले जाणारे हप्ते गर्दीच्या वेळा सोडून पाठवायचे. ५० वेळा शिल्लक बघतं तरी कोण, असं म्हणून सोशल मीडियावर तेव्हा भरपूर विनोद झाले. पण तो नियम घाईच्या वेळी दार अडवून बसणारी रहदारी कमी करण्यासाठी होता.

गोंदिया-भंडाऱ्याच्या लोकांना ही कल्पना समजावून सांगायची तर गावातल्या मामा तलावाकडे बोट दाखवलं तरी पुरे. माजी मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः कोहळी समाजातल्या जाणकारांना, एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कधी ना कधी तलावात मावणार नाही इतका पाऊस होणारच. पाणी पाळीवरून वाहू लागलं तर पाळ फुटते आणि सगळंच जातं. म्हणून पाळीपेक्षा खालच्या उंचीवर सांडवा ठेवायचा. जास्तीचं पाणी तिथून निघून जातं, बहुतेक वेळा पुढच्या तलावात उतरतं, आणि आधीचा तलाव भरलेला पण शाबूत राहतो.

नीट बांधलेल्या सेवेलाही असा सांडवा असतो. मिनिटाला हजारांचीच ताकद असेल, तर हजार-एकाव्या माणसाला आत घेऊन लटकवायचं नाही. त्याला दारातच नंबर द्यायचा: 'तुमचा क्रमांक अमुक, संध्याकाळी पाचनंतर एसएमएस येईल.' माणूस वैतागेल, पण घरी जाऊ शकेल आणि रिफ्रेश करणार नाही. सॉफ्टवेअरच्या जगात यासाठी जो शब्द वापरतात तो महाराष्ट्रात वेगळा शिकवायची गरज नाही. तो शब्द आहे 'लोडशेडिंग'. सगळीकडे अंधार होऊ नये म्हणून थोडा भार ठरवून सोडायचा.

यासोबत आणखी एक बारीक सोय लागते. ऑपरेटरने बटण दाबलं आणि नेट गेलं. नोंदणी झाली की नाही? त्याने पुन्हा दाबलं आणि पहिलीही झालेली असेल, तर एकाच सातबाऱ्यावर दोन नोंदी होतात आणि पुढे पडताळणीत दोन्ही अडकतात. चांगल्या सेवेत प्रत्येक अर्जाला बटण दाबण्याआधीच एक क्रमांक मिळतो. तोच क्रमांक दहा वेळा आला तरी सर्व्हर नोंद एकदाच करतो आणि बाकी नऊ वेळा 'ही झालेली आहे' एवढंच सांगतो. पैशांच्या व्यवहारात ही सोय नसेल, तर दुकानदाराला एका चहाचे दोनदा पैसे जातील.

खरं तर धानाच्या नोंदणीची निम्मी गर्दी एका ओळीच्या आदेशाने कमी होऊ शकते. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येकाला वेगळी शेवटची तारीख दिली तर लाट आठ तुकड्यांत येईल. याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. पण सगळ्यांसाठी एकच तारीख ठेवायची आणि मग मुदतवाढ द्यायची, ही पद्धत इतकी अंगवळणी पडलीय की मुदतवाढ हाच उपाय वाटू लागतो. लोकही तिची वाट बघतात, आणि पुढची गर्दी वाढीव मुदतीच्या शेवटच्या दिवशी होते.

साखळीतली एक कडी

आता बिघाडाकडे वळू. 'सर्व्हर' म्हटलं की कुठेतरी ठेवलेलं एक मोठं कपाट डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात ती साखळी असते. केंद्रावरची वीज, तिथलं नेट, पोर्टल, आधारची पडताळणी, जमिनीची नोंद, बँक खात्याची तपासणी. यातल्या पाच कड्या धरू आणि प्रत्येक कडी ९९ टक्के वेळ चालते असं मानू. आकडा भारी वाटतो. पण काम व्हायला पाचही एकाच वेळी चालू असाव्या लागतात. पाच वेळा ९९ टक्क्यांचा गुणाकार केला की उत्तर ९५ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे वर्षातले जवळपास १८ दिवस काहीतरी बंद. आणि प्रत्येक विभाग छातीठोकपणे सांगू शकतो की आमचा भाग ९९ टक्के वेळ चालू होता.

उलट, एकाच कामासाठी दोन स्वतंत्र रस्ते असले तर गणित फिरतं. प्रत्येक रस्ता एक टक्का वेळ बंद असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारात एक. या गणिताचा सगळा भार 'स्वतंत्र' या शब्दावर आहे. कागदावर दोन केबल असतात, पण दोन्ही रस्त्याकडेच्या एकाच खंदकातून गेलेल्या असतात. रुंदीकरणाला जेसीबी येतो आणि एका फावड्यात दोन्ही तोडतो. दोन सर्व्हर असतात, पण एकाच इन्व्हर्टरवर. दोन कंपन्यांची सिमकार्डं असतात, पण टॉवर एकच. बिघाड सहन करणारी सेवा बांधताना असे लपलेले सामाईक धागे शोधणं हेच सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम असतं.

या धाग्यांनी जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या कंपन्यांनाही पाडलंय. ४ ऑक्टोबर २०२१ ला, भारतात रात्री नऊच्या सुमाराला, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम गेले आणि जवळपास सहा तास गेलेलेच राहिले. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं. असा धोकादायक आदेश अडवण्यासाठी एक तपासनीस प्रोग्राम होता, त्यातच चूक होती. पुढे कंपनीचे पत्ते सांगणारे डीएनएस सर्व्हर डेटा सेंटरशी बोलू शकेनात, म्हणून त्यांनी ठरल्याप्रमाणे स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतलं. दुरुस्तीसाठी अभियंते जी साधनं वापरत होते, तीही त्याच जाळ्यावर चालायची. शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरायलाही वेळ गेला. घराची किल्ली घरातच राहून दार लागावं, तसा हा प्रकार.

दुसरं उदाहरण गोंदियाच्या जरा जवळचं आहे. बिरसी विमानतळावरून १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं. त्याच हैदराबाद विमानतळावर १९ जुलै २०२४ ला प्रवाशांना बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले जात होते. त्यातल्या एका पासचा फोटो जगभर फिरला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवलं होतं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळी स्क्रीन दाखवून बसले होते. सुरक्षेसाठी बसवलेलं सॉफ्टवेअरच सगळ्यांचा सामाईक धागा ठरलं. तेच अपडेट आधी शंभर संगणकांवर, मग हजारांवर, मग लाखांवर असं टप्प्याटप्प्याने गेलं असतं, तर पहिल्या शंभरांतच चूक पकडली गेली असती. नवं बियाणं आलं की शेतकरीसुद्धा आधी एका बांधीत लावून बघतो, सगळ्या शेतात एकदम टाकत नाही.

मात्र त्या दिवशी पेन आणि कागद चालले आणि विमानं उडाली. हाताने पास लिहायची सोय जुनाट वाटते, पण दिवसभराच्या गोंधळात तीच कामी आली.

हल्ला झाला तर

गर्दी आणि बिघाड यांच्यामागे कुणाचा हेतू नसतो. हल्लेखोर मात्र कमजोर कडी शोधून काढतो.

हल्ल्याचा एक प्रकार गर्दीसारखाच असतो, फक्त ती गर्दी खोटी असते. ऑक्टोबर २०१६ मध्ये डिन नावाच्या अमेरिकी कंपनीवर असा हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात. हल्ला करणारी यंत्रं होती लोकांच्या घरातले सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता, त्यामुळे 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने ती हजारोंच्या संख्येने ताब्यात घेतली होती. दुकानात कॅमेरा लावून पासवर्ड तसाच ठेवणारे आपल्याकडे काही कमी नाहीत.

दुसरा प्रकार शांतपणे आत शिरण्याचा. महाराष्ट्राला तो चांगला आठवतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. एटीएममध्ये कार्ड टाकलं की 'या खात्यात पैसे आहेत का' असा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो. हल्लेखोरांनी वाटेतच एक खोटी यंत्रणा उभी केली. ती मुख्य यंत्रणेला न विचारताच 'हो, द्या' म्हणत होती. शनिवार, ११ ऑगस्टला बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत गेले. पुढे पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं.

बांधणीच्या नजरेने बघितलं तर इथे 'हो' म्हणणारी एकच जागा होती आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास होता. कॉसमॉससारख्या हल्ल्याचा सामना करणाऱ्या सेवेत दुसरं कुणीतरी सतत हिशोब जुळवत असतं. एटीएममधून इतके पैसे निघाले, मग खात्यांतून तेवढेच कमी झाले का? फरक दिसला की माणूस उठायच्या आत व्यवहार थांबतात, शनिवार असो की मध्यरात्र.

त्यानंतरची घटना लहान बँकांच्या खातेदारांसाठी जास्त महत्त्वाची आहे. ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने जाहीर केलं की सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला पेमेंट जाळ्यातून तात्पुरतं वेगळं केलं आहे. टीसीएस आणि स्टेट बँकेची ही संयुक्त कंपनी देशभरातल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. रॅन्समवेअर म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम. रॉयटर्सच्या वृत्तानुसार सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांना यूपीआय आणि एटीएम वापरता येईना. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार शिरकाव झाला तो एका भागीदार कंपनीच्या नीट न बसवलेल्या सर्व्हरमधून. म्हणजे या बँकांच्या ग्राहकांनी जिचं नावही ऐकलं नव्हतं, अशा कंपनीच्या चुकीमुळे.

या घटनेत एक गोष्ट बरोबरही झाली. घरात शॉर्टसर्किट झालं की एका खोलीचा एमसीबी पडतो, अख्ख्या गल्लीची वीज जात नाही. एनपीसीआयने तेच केलं. संशय येताच तो भाग तोडला आणि बाकी देशाचं यूपीआय चालू राहिलं. तपासणीनंतर १ ऑगस्टला जोडणी परत मिळाली. सेवा एक-दोन दिवस गेली, पण हल्ला पसरला नाही. त्या ३०० बँकांच्या खातेदारांना मात्र त्या दिवशी एमसीबीचं कौतुक सांगून उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा होता. लहान बँका खर्च वाचवायला एकाच पुरवठादाराकडे जातात, मग तो पडला की सगळ्या एकदम पडतात. शहरात दुसऱ्या बँकेचं खाते असतं, दुसरं कार्ड असतं. खेड्यात अनेकांचं एकच खातं असतं, आणि तेही अशाच एखाद्या बँकेत.

आणि बॅकअप? 'आमच्याकडे बॅकअप आहे' हे वाक्य 'सर्व्हर डाऊन'इतकंच फसवं असू शकतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं. संगणक बंद म्हणजे कोणता कंटेनर कुठे जायचा हेच कळेना.

मर्स्ककडे संगणकांच्या ओळखी सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या जगभरात सुमारे दीडशे प्रती होत्या. एक गेली तर दुसरी आहे, असा विचार. पण सगळ्या प्रती एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे सगळ्या एकाच झटक्यात पुसल्या गेल्या. वाचली ती फक्त घाना देशातली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. लाइट जाण्याचा इतका मोठा फायदा जगात क्वचितच कुणाला झाला असेल. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले.

म्हणून जाणकार सांगतात की तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, शक्यतो जाळ्यापासून तोडून. शिवाय वर्षातून एक-दोनदा त्या प्रतीवरून सेवा खरंच उभी करून बघा. बॅकअप घेणारे खूप असतात, तो परत उतरवून बघणारे थोडे. एखादी नगर परिषद किंवा पतसंस्था हार्ड डिस्कवर दर शुक्रवारी प्रत काढून ती कपाटात ठेवत असेल, तर ती कदाचित दीडशे जोडलेल्या सर्व्हरपेक्षा सुरक्षित असेल. मात्र ते कपाट दुसऱ्या इमारतीत हवं.

रेशन दुकानातला प्रश्न

हे सगळं तंत्र शेवटी एका काउंटरवर येऊन थांबतं. यूपीआय बंद पडलं तर माणूस रोख देतो. रेशन दुकानात अंगठा जुळला नाही किंवा नेट नसलं तर? अर्जुनी मोरगाव किंवा देवरीच्या जंगलपट्टीत हा प्रश्न काल्पनिक नाही.

केंद्र सरकारच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ ला राज्यांना लेखी कळवलं आहे की नेटवर्क नाही, बायोमेट्रिक जुळत नाही किंवा आधार जोडलेलं नाही, एवढ्या कारणाने पात्र कुटुंबाला धान्य नाकारायचं नाही. अशा वेळी धान्य द्यायचं आणि त्याची वेगळी नोंद ठेवायची. तंत्रज्ञांच्या भाषेत हा 'फॉलबॅक' झाला, म्हणजे मुख्य रस्ता बंद असताना वापरायचा मागचा रस्ता. तो बांधणीचाच भाग आहे, मेहरबानी नव्हे.

मागचा रस्ता ठेवला की फसवणुकीचीही वाट उघडते, हा आक्षेप खोटा नाही. नेट नसताना मशीनला कळत नाही की याच कार्डावर दुसऱ्या दुकानातून धान्य उचललं गेलंय का. कुणी 'नेट नव्हतं' म्हणून खोट्या नोंदी भरू शकतो. इथे निवड करावी लागते. कधीतरी थोडं धान्य चुकीच्या हातात जाऊ द्यायचं, की कधीतरी खऱ्या हक्कदाराला रिकाम्या पिशवीने परत पाठवायचं? यातला कोणता धोका पत्करायचा, हे सर्व्हर ठरवत नाही.

पैशांच्या बाबतीत आपण ही निवड केलेली आहे. यूपीआय लाइटमध्ये एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो आणि दर वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेला त्रास दिला जात नाही. फोन चोरीला गेला तर लाइटमधले पैसे जाऊ शकतात, म्हणून त्यात ५,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. थोडा, मोजलेला धोका पत्करला आणि बदल्यात चहावाल्याकडची रांग हलती राहिली. रेशनच्या मशीनलाही असाच हिशोब लावता येतो. नेट असताना आपल्या दुकानातली कार्डांची यादी साठवून ठेवायची, नेट गेलं तर कार्डाच्या महिन्याच्या कोट्याइतकंच धान्य द्यायचं, पावती फाडायची आणि नेट आलं की सगळ्या नोंदी वर पाठवून जुळवायच्या. ज्या दुकानात अशा ऑफलाइन नोंदी संशयास्पद वाढतील, तिथे तपासणीला माणूस पाठवायचा.

तोवर काउंटरच्या या बाजूला उभ्या असलेल्याने काय करावं? धानाच्या नोंदणीवर 'सर्व्हर डाऊन' ऐकलं तर स्क्रीनचा फोटो घ्यावा, ज्यात तारीख आणि वेळ दिसेल, आणि अर्ज क्रमांक तयार झालाय का ते विचारावं. झाला असेल तर पुन्हा नवा अर्ज भरू नये. यूपीआय 'प्रोसेसिंग'वर थांबलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत, कमीत कमी दीड मिनिट थांबून मग स्थिती बघावी. रेशन दुकानात मशीन चाललं नाही, तर अपवादाच्या नोंदीवर धान्य मागावं, आणि दुकानदार नाही म्हणाला तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रारीवर दुकानाचा क्रमांक, तारीख आणि मशीनवर आलेला संदेश लिहावा आणि पोचपावती घ्यावी.